वकीलपत्र

एखाद्याने दुसऱ्याची बाजू अंमळ आग्रहाने मांडावी आणि ऐकणाऱ्याने त्याला, "तुम्ही त्याचे वकीलपत्र घेतले आहे काय?" असे विचारावे, हा आपल्या बोलण्यातला नित्याचा प्रकार आहे, आणि असे विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे त्या वेळी काळा डगला, मुद्रांकित कागद आणि न्यायासनापुढचा कठडा एवढेच चित्र उभे असते. परंतु हाच शब्द अठराव्या शतकातल्या एखाद्या मोडी पत्रात भेटतो तेव्हा न्यायमंदिराशी त्याचा काडीइतकाही संबंध नसतो. छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या कागदांतला वकील म्हणजे आपल्या धन्याची अब्रू शिरावर घेऊन परदरबारी राहणारा, तिथल्या मसलतींचा माग काढणारा आणि प्रसंग पडल्यास आपल्या देहावर त्या दरबाराचा कोप झेलणारा पुरुष होय. मूळ अरबी असलेला हा शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि इथल्या मातीत असा रुजला की शिवछत्रपतींच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशाने यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्याचा एवढा उद्योग केला तरी वकील हा वकीलच राहिला. दूताच्या पेशातून तो कज्जेदलालीच्या पेशात कसा उतरला, हा प्रश्न वरवर पाहता कोशकाराचा वाटतो; पण मला त्यात मराठी राज्याची वाणी जगाच्या दरबारात कशी बंद झाली आणि पुढे कोणत्या दाराने ती पुन्हा बाहेर पडली, याची सारी कथा दिसते.

पेशा अर्थातच शब्दाहून पुष्कळ जुना. उद्योगपर्वातली श्रीकृष्णाची शिष्टाई मराठी कीर्तनांनी घरोघर पोचविलेली आहे. कौटिल्याने तर दूतांचे तीन वर्ग केले: ज्याला कार्याचा पूर्ण अधिकार सोपविलेला आहे तो निसृष्टार्थ, ज्याची मर्यादा आखून दिलेली आहे तो परिमितार्थ, आणि ज्याच्या हाती नुसता लेख आहे तो शासनहर. ही त्रयी इथे मुद्दाम सांगितली, कारण मराठेशाहीतल्या प्रत्येक वकिलाच्या आयुष्यात हाच पेच निरनिराळ्या रूपांनी उभा राहिलेला आहे. आपण किती बोलावे, कोणाच्या नावाने बोलावे आणि बोललेले धन्यावर किती बंधनकारक व्हावे, या तीन प्रश्नांभोवतीच त्याचा सारा जन्म फिरत असे.

शिवकालात वकिलाचे काम बहुधा प्रसंगापुरते असे. परदरबारी कायम ठाण मांडून बसण्याची रीत अद्याप पडावयाची होती. अफजलखानाने कृष्णाजी भास्कराला आपला वकील म्हणून पाठविले आणि महाराजांकडून पंताजी गोपीनाथ खानाच्या गोटात गेले, ती १६५९ सालची वकिली प्रतापगडाच्या पायथ्याशी संपली. तिचा शेवट पोवाड्यांनी इतका उजळून ठेवला आहे की त्याआधी दोन्ही बाजूंनी जे बोलणे झाले त्याचे कसब मात्र काळोखात राहिले. खरे तर खान जावळीच्या अरण्यात उतरला तो पंताजीपंतांच्या वाणीवर विश्वासून उतरला. पुरंदरच्या तहाचे बोलणे १६६५ साली जयसिंगाच्या छावणीत झाले तेही रघुनाथपंतांच्या मुखाने. आणि या पेशात प्राणसंकट किती जवळ असे, त्याची साक्ष आग्र्याने दिली. महाराज १६६६ च्या ऑगस्टात निसटले, त्यानंतर मागे राहिलेल्या माणसांची धरपकड झाली आणि तीत रघुनाथ बल्लाळ कोरडे व त्र्यंबक सोनदेव डबीर हे दोघे वकील सापडले. धनी कोणत्या वाटेने गेला हे काढून घेण्यासाठी त्यांचे जे हाल झाले ते त्यांनी सोसले. १६६७ साली सुटका होईपर्यंत ते बंदीतच होते. दूत अवध्य आहे हे वचन शास्त्रात आहे, परंतु अवध्य आणि अपीड्य यांत अंतर आहे, हे ते दोघे पुरते जाणून होते.

राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांचा हेन्री ऑक्झेंडन रायगडावर आला, त्यापूर्वी कंपनीच्या वतीने नारायण शेणवी गडावर बोलणे लावून गेलेला होता आणि महाराजांकडून निराजीपंत त्या वाटाघाटीत होते. म्हणजे इंग्रजांची बाजू मांडणाराही कोकणी मुलखातला मराठी जाणणारा माणूसच होता. पश्चिम किनाऱ्यावरील शेणवी मंडळींनी पोर्तुगीज, इंग्रज आणि मराठे या तिन्ही दरबारांत दुभाषेगिरीचे आणि वकिलीचे जे काम पिढ्यान् पिढ्या केले, त्याचा सलग इतिहास कोणी तरी लिहिला पाहिजे. कंपनीचे नाणे स्वराज्यात सरसहा चालावे आणि किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजांचा माल परत मिळावा, या तिच्या मागण्यांवरचे बोलणे वाचताना, समुद्रकाठच्या या माणसांना व्यापार आणि राजकारण यांतली सीमा किती पातळ आहे हे किती आधी कळले होते, याचा विस्मय वाटतो.

कायमच्या वकिलीचा आरंभ मात्र दिल्लीत झाला. शंकराजी मल्हाराच्या मध्यस्थीने सय्यद बंधूंशी सूत जमले, बाळाजी विश्वनाथ फौजेसह उत्तरेत गेले आणि १७१९ साली स्वराज्य, चौथाई व सरदेशमुखी यांच्या सनदा आणि बादशाही कैदेतून सुटलेल्या येसूबाई यांना घेऊन परत फिरले. त्या वेळी नाशिकचे महादेवभट हिंगणे दिल्लीस मागे राहिले. फौज गेली, पेशवा गेला, आणि एक भिक्षुकी घराण्यातला ब्राह्मण बादशाही शहरात मराठी राज्याचा डोळा, कान आणि मुख होऊन राहिला. सनदा मिळविणे एक आणि त्या अमलात राहाव्यात म्हणून रोज दरबारात उभे राहणे दुसरे. पहिले काम सेनापतीचे आणि दुसरे वकिलाचे. महादेवभटांमागून बापूजी, दामोदर, पुरुषोत्तम या त्यांच्या पुत्रांनी हेच काम चालविले. बादशहा बदलले, वजीर मारले गेले, नादिरशहा येऊन शहर लुटून गेला, अब्दालीने वारंवार फेरे केले. पण हिंगण्यांची पत्रे दक्षिणेकडे येतच राहिली.

ही पत्रे हाच या पेशाचा खरा ऐवज होय. दत्तात्रेय बळवंत पारसनीस यांनी दिल्लीच्या राजकारणांची पत्रे छापली, वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनी दप्तरातली निवडली, राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या ग्रंथमालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला, आणि पुढे सरदेसायांनी पेशवे दप्तरातून ४५ भाग काढले. या साऱ्या ढिगाऱ्यातून वकिलांची पत्रे वेगळी काढली तर मराठी इतिहासाचा केवढा तरी भाग उचलला जाईल. पत्राला मायना असे, आरंभी कुशल असे, 'छ' या खुणेपुढे चांद्रमासाची तारीख असे, आणि मग जे उघड वाचले गेले तरी चालेल ते सविस्तर लिहिलेले असे. खरे राजकारण बहुधा पुरवणीत उतरे. दरबारात कोणी कोणाच्या कानाशी लागले, कोणत्या सरदाराचा पगार थकला, कोणाची फौज कोणत्या दरवाजातून बाहेर पडली, हे सारे तिथे. काही ठिकाणी मजकूर सांकेतिक लिपीत घालीत. जासूदजोडी थैली घेऊन पायी निघे. वाटेत नद्या, ठग आणि शत्रूची ठाणी. पत्र पोचेपर्यंत त्यातला मजकूर शिळा होण्याचे भय नेहमीचेच असल्यामुळे एकाच बातमीची नक्कल दोन वाटांनी धाडीत. एवढे करूनही सावकारांची पेढ्यांमधली बातमी पुष्कळदा सरकारी थैलीच्या पुढे जाई. १७६१ च्या जानेवारीत पानिपतचा घात झाला, तो नानासाहेबांना भेलशाच्या मुक्कामी सुमारे दहा दिवसांनी कळला, आणि कळला तो एका सावकारी पत्राने. राज्याच्या वकिलांचा बोलका पट त्या दिवसांत मुका झाला होता.

दरबारखर्च हा वकिलाच्या काळजीचा आणखी एक विषय. नजर, पोशाख, सणावाराच्या भेटी, मुत्सद्द्यांच्या हाताखालच्या कारकुनांना द्यावयाचे अंतस्थ, या सर्वांसाठी पैसा लागे. तो सरकारातून वेळेवर आला नाही तर सावकाराच्या दारी उभे राहावे लागे आणि सावकाराच्या तोंडून ती नड परदरबारात फुटे. कोणत्या रांगेत उभे राहावयाचे, पोशाख कोणत्या प्रतीचा स्वीकारावयाचा, धन्याच्या नावामागे कोणती पदवी लावून घ्यावयाची, याबद्दल हे लोक जिवापाड भांडत. आजच्या वाचकाला ते भांडण पोकळ वाटते, पण रांगेतली एक पायरी सोडणे म्हणजे राज्याची एक पायरी सोडणे, हे त्या काळचे साधे गणित होते. महादजी शिंद्यांनी बादशहाकडून पेशव्यांच्या नावे वकील-इ-मुतलक हे पद मिळविले आणि १७९२ साली पुण्यास येऊन त्याचा समारंभ घडविला, तेव्हा हा शब्द आपल्या वैभवाच्या परमावधीस पोचला: पातशाहीचा सर्वाधिकारी प्रतिनिधी तो वकील-इ-मुतलक, आणि ते वस्त्र अवघ्या अठरा वर्षांच्या सवाई माधवरावांच्या अंगावर.

दीर्घकाळ परदरबारी राहिलेल्या माणसाचे मन हळूहळू तिकडे कलते, हा धोकाही या पेशाच्या पोटातच होता. नागपूरकर भोसल्यांचा वकील बेनीराम पंडित वॉरन हेस्टिंग्जच्या इतका निकट गेला की १७८१ साली काशीत चेतसिंगाचा उठाव होऊन हेस्टिंग्जला चुनारच्या आश्रयास पळावे लागले, तेव्हा बेनीरामाने त्याच्या मागोमाग जाऊन एक लक्ष रुपये पुढे केले. धन्याच्या हिताची मैत्री कोणती आणि स्वतःच्या हिताची कोणती, हे सांगणे त्या प्रसंगी बेनीरामालाही कठीण गेले असते असे मला वाटते. याच्या उलट टोकाला सदाशिव दिनकर. नाना फडणिसांचा हा माणूस महादजींच्या गोटात राहून दोन प्रबळ पुरुषांमधला संशय रोजच्या रोज मोजीत होता, आणि दोघांनाही सत्य सांगताना दुवा तुटू देत नव्हता. स्वकीयांतली वकिली परकीयांतल्या वकिलीहून अवघड, हे त्याची पत्रे वाचताना पदोपदी पटते.

हैदराबादेस गोविंदराव काळे होते. निजामाकडे चौथाईची बाकी वर्षानुवर्षे तुंबली होती. काळे हिशेब मांडीत आणि निजामाचा दिवाण मुशीरुल्मुल्क तो लांबणीवर टाकी. शेवटी मुशीरुल्मुल्काने भर दरबारात असे सांगितले की या गुंतागुंतीच्या हिशेबाचा उलगडा करण्यास नाना फडणिसांनी जातीने हैदराबादेस यावे, आणि ते कसे येतील असे काळ्यांनी विचारताच, त्यांना कसे आणावयाचे ते आपण दाखवू, असा जबाब दिला. वकिलाचा अपमान तो राज्याचा अपमान, हा नियम त्या काळी जिवंत होता. ११ मार्च १७९५ रोजी खर्ड्यावर लढाई झाली आणि नानांना हैदराबादेस नेऊ पाहणारा मुशीरुल्मुल्क स्वतःच ओलीस म्हणून पुण्यास आला. मराठी दौलतीच्या वकिलाच्या शब्दामागे तिची सारी फौज उभी राहिली, असे पुन्हा घडले नाही.

कारण नऊ वर्षांपूर्वीच पुण्याच्या संगमावर दुसऱ्या जातीचा वकील येऊन बसला होता. चार्ल्स मॅलेट १७८६ साली पुण्यास आला; कागदोपत्री तोही इंग्रजांचा वकीलच, पण त्याच्या मागे पगारी पलटणी होत्या आणि त्याचा अहवाल कलकत्त्याहून लंडनपर्यंत एकाच दप्तराच्या शिस्तीत जात असे. आपले वकील मात्र परदेशच्या मूळ दरबारी कधी स्थायिक झाले नाहीत. रघुनाथरावांनी हणमंतराव नावाचा ब्राह्मण आणि मणियार हा पारशी अशी जोडी विलायतेस पाठविली, ती १७८१ साली लंडनात होती. एडमंड बर्कने त्यांना आपल्या घरी ठेवून त्यांच्या स्नानसंध्येची आणि स्वयंपाकाची सोय लावून दिली, हे बर्कला भूषणावह होय. परंतु ती वकिली राज्याची नव्हे, राज्याशी फटकून वागणाऱ्या एका पुरुषाची होती, आणि तिच्यातून काही निष्पन्न झाले नाही. जिथून आपल्या भवितव्याचे हुकूम सुटणार, ते ठिकाण डोळ्यांनी पाहून त्याची बखर लिहिणारा एकही हिंगणे तिथे नसावा, ही मराठी राज्यकर्त्यांची चूक मला पानिपताहून लहान वाटत नाही.

पुढची अधोगती तहांच्या कलमांतून वाचता येते. १८०२ च्या अखेरीस वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावांनी इतर सत्तांशी बोलणे कंपनीच्या सल्ल्याने करण्याचे मान्य केले. १८१५ च्या जुलैत, गायकवाडांकडून देण्याघेण्याचा हिशेब आणि अहमदाबादेचा इजारा यांविषयी बोलण्यास इंग्रजांच्या हमीवर आलेले गंगाधरशास्त्री पटवर्धन पंढरपुरास रात्रीच्या अंधारात मारले गेले. विठ्ठलाच्या क्षेत्रात एका वकिलाचे रक्त सांडावे, आणि ते मराठ्यानेच मराठी दरबारच्या वकिलाचे सांडावे, याचे प्रायश्चित्त राज्याने भरले: संशय त्र्यंबकजी डेंगळ्यावर गेला, पुण्याचा इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन याने त्याला मागून घेऊन ठाण्यास डांबले, तो तिथून पळाला, आणि त्या प्रकरणाच्या दडपणाखाली १३ जून १८१७ रोजी बाजीरावांनी पुण्याच्या तहावर सही केली. त्या तहाने पेशव्यांनी परदरबारचे आपले सर्व वकील परत बोलवावे आणि कोणाचा वकील आपल्याकडे ठेवू नये, असे ठरले. हिंगण्यांनी सुरू केलेला पेशा त्या एका कलमाने मिटला. तिथून खडकीची लढाई पाच महिन्यांवर होती. पण माझ्या मते राज्य बुडाले ते या कलमावर सही झाली त्या दिवशी, कारण ज्याला दुसऱ्याशी बोलता येत नाही तो राजा उरत नाही.

सातारच्या प्रतापसिंह महाराजांना एल्फिन्स्टनने गादीवर बसविले, पण सप्टेंबर १८१९ च्या तहात हेच कलम आणखी आवळून घातले: रेसिडेंटाच्या द्वारे असेल तेवढाच बाहेरच्यांशी व्यवहार. महाराज कर्तबगार निघाले. लंडनच्या संचालकांनी १८३५ साली त्यांच्या कारभाराची वाखाणणी करणारे पत्र आणि एक तलवार पाठविली, तीही मुंबई सरकारने त्यांच्यापर्यंत पोचू दिली नाही. जहागिरदारांवरील हक्काचा वाद वाढला. मग पलटणी फितविण्याचा, नागपूरच्या पदच्युत अप्पासाहेब भोसल्यांशी संधान बांधल्याचा आणि गोव्याच्या पोर्तुगीजांशी पत्रव्यवहार केल्याचा आरोप आला. वाचकांनी यातली विलक्षण गोष्ट ध्यानात घ्यावी: जी कृती त्यांच्या पूर्वजांच्या काळी राज्याचा नित्यव्यवहार होती, ती, म्हणजे परदरबारी माणूस पाठविणे, हाच आता अपराध झाला होता. पुरावा गुप्तपणे घेतला गेला, आरोपीला साक्षीदारांची उलटतपासणी मिळाली नाही. १८३९ च्या ऑगस्टात गव्हर्नर कारनॅक सातारला आले. अपराधाच्या कबुलीवर सही करा आणि गादी राखा, असे त्यांचे म्हणणे होते. महाराजांनी सही नाकारली, आणि पुढच्याच महिन्यात त्यांना राजवाड्यातून काढून काशीस पाठविण्यात आले.

या महाराजांचा वकील रंगो बापूजी गुप्ते. रोहिडखोऱ्याच्या देशपांड्यांच्या प्रभू घराण्यातला हा पुरुष १८४० साली लंडनास पोचला आणि १८५३ च्या अखेरपर्यंत तिथे राहिला. याआधी दिल्लीच्या बादशहाचे वकील म्हणून राजा राममोहन रॉय विलायतेस जाऊन तिकडेच आपला देह ठेवते झाले होते. रंगोबांसमोर तोच एक दाखला. रंगोबांबरोबर आलेली माणसे एकेक करून परतली. लेडनहॉल रस्त्यावरच्या कंपनीच्या कचेरीने प्रथम त्यांचे वकीलपणच मान्य केले नाही. जे काही म्हणणे असेल ते मुंबई सरकारच्या मार्फत यावे, असे उत्तर मिळाले. ज्याच्याविरुद्ध फिर्याद, त्याच्याच हातून फिर्याद दाखल करावी, असा हा न्याय होता. तेव्हा रंगोबांनी दुसरी वाट धरली. इंग्रजी पुस्तिका छापल्या, कंपनीच्या भागधारकांच्या सभांतून प्रकरण चर्चेस आणविले, जोसेफ ह्यूम आणि गुलामगिरीविरुद्ध लढलेला वक्ता जॉर्ज टॉम्सन यांच्यासारख्यांना आपल्या बाजूस घेतले. ज्या समितीने साताऱ्यात पुरावा घेतला तिच्यात बसलेले लॉडविकदेखील पुढे महाराजांच्या बाजूने बोलले.

या कामाचे स्वरूप नीट पाहिले पाहिजे. रंगोबा मुलूख मागत नव्हते, फौज मागत नव्हते, तहाची नवी कलमे मागत नव्हते. माझ्या धन्यावरचा आरोप उघड सांगा, पुरावा दाखवा, त्याला जबाब देऊ द्या, एवढीच त्यांची मागणी होती. म्हणजे पोशाख हिंगण्यांच्या पेशाचा आणि युक्तिवाद कोर्टातल्या वकिलाचा. एका शब्दाचे दोन अर्थ या एका देहात एकत्र आलेले दिसतात, आणि म्हणूनच मला मराठी वकिलांच्या सबंध परंपरेत हा पुरुष सर्वांत जवळचा वाटतो. १८४७ च्या ऑक्टोबरात प्रतापसिंह काशीस वारले. पुढल्या वर्षी त्यांच्या जागी सातारच्या गादीवर बसविलेले त्यांचे भाऊ अप्पासाहेबही गेले, आणि मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज क्लार्क यांचा विरोध असतानाही डलहौसीने संस्थान खालसा केले. ज्याच्या नावाने बोलावयाचे तो धनी नाही, ज्या राज्याची मुद्रा वकीलपत्रावर ती मुद्रा नाही; तरीही रंगोबा आणखी पाच-सहा वर्षे लंडनच्या धुक्यात दारोदार फिरत राहिले. कौटिल्याच्या तीन वर्गांत त्यांना जागा नाही. निसृष्टार्थ म्हणावे तर अधिकार देणारा मेलेला, शासनहर म्हणावे तर शासनच उरलेले नाही.

परतल्यावर त्यांनी कागद ठेवला आणि शस्त्र जमविण्याचा मार्ग धरला. १८५७ साली साताऱ्यातला कट फुटला. त्या सप्टेंबरात गेंडामाळावर १७ जणांना देहान्त देण्यात आला, त्यांत रंगोबांचा मुलगा सीताराम होता. खुद्द रंगोबा सरकारच्या हाती कधीच लागले नाहीत. ते कोठे गेले, कोठे निवर्तले, याच्या कथा साताऱ्याकडे अनेक ऐकू येतात. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी त्यांचे चरित्र लिहून त्यांच्या विस्मृत नावावरची धूळ झाडली, त्याबद्दल महाराष्ट्राने त्यांचे ऋणी असावे.

इकडे न्यायाच्या अंगणात वकील या शब्दाला नवा संसार मिळाला होता. पेशवाईत कज्जा गोतसभेपुढे किंवा पंचायतीपुढे चाले. अग्रवादी आणि पश्चिमवादी आपापला करीना स्वतःच सांगत, राजीनामा आणि जामीन देत, साक्षी होत, निवाडपत्र होई, जिंकणारा हरकी भरी आणि हरणारा गुन्हेगारी. रामशास्त्र्यांच्या न्यायासनापुढे पैसे घेऊन दुसऱ्याची बाजू मांडणारा धंदेवाईक वर्ग नव्हता. तो इंग्रजी अदालतीबरोबर आला. बंगाल्यात कॉर्नवॉलिसच्या १७९३ च्या कायद्यांनी वकिलांना सनदा देण्याची रीत पाडली, मुंबई इलाख्यात १८२७ च्या एल्फिन्स्टनच्या कायदेसंग्रहाने दिवाणी अदालतींची घडी बसविली, १८४६ च्या कायद्याने हा धंदा सर्व धर्मांच्या लोकांना खुला झाला, आणि १८६२ साली मुंबईस हायकोर्ट उभे राहिले. या नव्या पेशाला नाव हवे होते. दरबार बंद झाल्यामुळे एक नाव रिकामे पडले होते. कारकुनांनी तेच उचलले. मुनसफाच्या कचेरीबाहेर, पिंपळाच्या पारावर बसलेल्या त्या माणसाला पक्षकार वकीलसाहेब म्हणू लागला, तेव्हा आपण एका पदच्युत दरबाराचे वैभव त्याच्या अंगावर घालीत आहोत, हे त्याच्या मनात आले नसेल.

परंतु शब्दाला आपला पूर्वजन्म आठवत असावा. प्रतापसिंहांना साताऱ्यातून काढले त्या वर्षी गणेश वासुदेव जोशी हा त्याच शहरात जन्मलेला मुलगा अकरा वर्षांचा होता. तो पुढे पुण्यास आला, नोकरी केली, १८६५ साली वकिलीची परीक्षा उतरला, आणि सार्वजनिक काका या नावाने महाराष्ट्राला ठाऊक झाला. २ एप्रिल १८७० रोजी पुण्यास सार्वजनिक सभा स्थापन झाली, ती उभारण्यात काकांचा हात मोठा होता. या सभेचा एक नियम असा होता की जो सभासद होऊ इच्छितो त्याने निदान ५० माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे. आरंभीच्या ९५ सभासदांमागे अशा सुमारे ६,००० माणसांच्या सह्या होत्या. या नियमात कज्जेदलालीची सवय आहे हे उघड आहे. कागदावाचून अधिकार नाही, हे कोर्टाने शिकविलेले. पण त्या कागदावर सही करणारा एकटा पक्षकार नव्हता, आणि ज्याच्यापुढे तो दाखल व्हावयाचा तो मुनसफ नव्हता. सावकार, ब्राह्मण, व्यापारी, इनामदार अशा माणसांनी, कोणत्याही सिंहासनाची मुद्रा नसताना, आपल्यातल्या काहींना आपल्या वतीने सरकारशी बोलण्याचा अखत्यार दिला. दुष्काळात जिल्ह्याजिल्ह्यांतली हकीकत गोळा करून सरकारकडे धाडताना सभेने जी पत्रे लिहिली, ती मला हिंगण्यांच्या अखबारांच्या रांगेत ठेवावीशी वाटतात: तीच चौकस नजर, तोच आकड्यांचा आग्रह, आणि ज्याच्याकडे लिहावयाचे त्याची मर्जी राखूनही सत्य न लपविण्याची तीच धडपड. वकिली करणाऱ्या या माणसाने पुण्यात लवाद कोर्टही काढले, म्हणजे कज्जे सरकारी अदालतीबाहेर आपसांत मिटावेत. जुन्या पंचायतीला त्याने असे पुन्हा बोलावून घेतले.

१८७७ च्या पहिल्या दिवशी लॉर्ड लिटनने दिल्लीस दरबार भरविला. व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचे त्या दिवशी पुकारले गेले. संस्थानिक आपल्या हत्ती-घोड्यांनिशी आणि जडजवाहिरांनिशी आले होते. सार्वजनिक सभेच्या वतीने मानपत्र घेऊन गणेश वासुदेव जोशी तिथे गेले. अंगात हातसुताची खादी, डोक्यास खादीचे पागोटे. महादेवभट हिंगणे त्याच शहरात मागे राहिले, त्याला त्या दिवशी १५८ वर्षे होत होती.